बी.ए. जर्मन करावे, की बी.कॉम. सांभाळून बाहेर भाषा शिकावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या एका गावातील, पहिलीपासून मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी यंदा बारावी वाणिज्य ७१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाला आहे. पुण्याला येऊन बी.ए.ला जर्मन हा मुख्य विषय घ्यावा, की बी.कॉम. करता करता संध्याकाळचा वर्ग लावावा, जर्मनऐवजी जपानी बरे का, आणि इंग्रजी बेताचे असल्यामुळे हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे तर नाही ना, असे त्याने विचारले आहे. ‘भाषा शिकून पोट भरत नाही, असे वडील म्हणतात’ हे वाक्य त्याने अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. परंतु माझ्या मते खरा प्रश्न त्याच वाक्यात दडलेला आहे.

मी पुण्यात चोवीस वर्षे जर्मन शिकवत आहे. त्यांतील काही वर्षे महाविद्यालयात गेली, बाकीची सायंवर्गांत, आणि या संपूर्ण काळात यंत्रसामग्रीच्या माहितीपुस्तकांचे भाषांतर हे माझे दुसरे काम राहिले आहे. त्यामुळे जर्मनविषयी मी अनुभवावरून बोलेन आणि जपानीविषयी, ती शिकवणाऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून जेवढे समजले तेवढेच सांगेन.

‘कोणती भाषा’ आणि ‘कोणती पदवी’ हे दोन्ही प्रश्न तुम्ही आधी विचारले आहेत, पण त्यांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते : भाषा हाच तुमचा व्यवसाय असणार आहे, की दुसऱ्या एखाद्या व्यवसायाला भाषेची जोड असणार आहे? ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारी भाषेची उंचीही वेगळी आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात आणि नोकरीच्या जाहिरातींतही आज याच पायऱ्यांची नावे असतात. शिक्षक, भाषांतरकार किंवा दुभाषी म्हणून निव्वळ भाषेवर उभे राहायचे असेल तर सी१च्या खाली काही खरे नाही. हिशेब, अभियांत्रिकी, परिचर्या, संगणक यांपैकी एखादे काम हातात असेल आणि त्याला जर्मनची जोड द्यायची असेल, तर बी२ पुरते. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे हातात दुसरे कौशल्य नाही आणि भाषा बी१वर थांबलेली, अशा अवस्थेत पदवी घेऊन बाहेर पडणारी मुले मी दरवर्षी पाहते. तुमच्या वडिलांचे वाक्य या मुलांच्या बाबतीत खरे ठरते; म्हणून ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

आता तासांचा हिशेब करू, कारण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो लगेच पटेल. पुणे-मुंबईकर ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतात त्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, बी१पर्यंत ३५० ते ६५०, बी२पर्यंत ६०० ते ८००, आणि सी१पर्यंत ८०० ते १०००. घड्याळी तासांत मांडायचे तर बी२ म्हणजे किमान ४५० तास, तेही वर्गातले. घरचा अभ्यास वेगळा. महाविद्यालयात थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे एका सत्रात ६० तास, अर्थात ८० तासिका, म्हणजे ए१ची केवळ खालची मर्यादा. जर्मन हा गौण किंवा ऐच्छिक विषय म्हणून एखाद-दोन सत्रे घेतला तर विद्यार्थी कुठे पोचेल हे यावरून दिसते : स्वतःची ओळख करून देणे, वेळ विचारणे आणि चहा मागवणे इथपर्यंत. अकरावी-बारावीला परकीय भाषा घेऊन नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुले माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना हा चहासुद्धा मागवता येत नाही, कारण ती भाषा त्यांनी गुणांसाठी घेतलेली असते. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. विषय तसाच शिकवला आणि तसाच तपासला जातो.

मुख्य विषय म्हणून जर्मन घेतले तर तास वाढतात, हे खरे. तरीही प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘जर्मन’ असे लिहिलेल्या प्रत्येक पेपरापुढे तो भाषेचा आहे की भाषेविषयीचा आहे, याची खूण करून पाहा. तिसऱ्या वर्षात वाङ्मयेतिहास, भाषाविज्ञान, जर्मनभाषक देशांची संस्कृती असे पेपर येतात. ते उत्तम असतात आणि मला स्वतःला तेच शिकवायला सर्वाधिक आवडतात. पण ज्या विद्यार्थ्याची भाषा दुसऱ्या वर्षअखेर बी१ला लागलेली नाही, तो ते मराठी-इंग्रजी टिपणांवरून पाठ करतो आणि पदवी हातात पडते तेव्हा त्याची जर्मन दुसऱ्या वर्षात होती तिथेच असते. म्हणून बी.ए. करणाऱ्यालाही मी एकच अट सांगते : पदवीच्या परीक्षांव्यतिरिक्त दरवर्षी एक पायरी बाहेरच्या परीक्षेने सिद्ध करायची. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ आणि बी२ परीक्षांना वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत प्रत्येकी शंभरपैकी ६० गुण लागतात. चांगल्या वाचनाच्या गुणांनी कच्चे संभाषण झाकता येत नाही, आणि नेमके तेच हवे असते.

मग बी.ए. करूच नये का? तसे नाही. संध्याकाळचा वर्ग भाषा वापरायला शिकवतो. ‘असे का’ या प्रश्नासाठी त्याच्याकडे वेळ नसतो. जो पुढे शिकवणार आहे किंवा भाषांतर करणार आहे, त्याला या ‘का’वाचून गत्यंतर नाही, आणि ते महाविद्यालयात तीन वर्षे दररोज त्याच विषयात राहूनच अंगी येते. शिवाय एम.ए., बी.एड., महाविद्यालयात अध्यापन या वाटा पदवीशिवाय उघडतच नाहीत. अशा विद्यार्थ्याने दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ यांचाही विचार करावा. तेथे परकीय भाषेची पूर्णवेळ बी.ए. अगदी शून्यापासून सुरू होते. याउलट पुण्यातच राहून दुसरी पदवी करायची असेल, तर फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे अर्धवेळ प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम अनेक पिढ्यांनी नोकरी-शिक्षण सांभाळून केलेले आहेत.

तुमच्या बाबतीत मला बी.कॉम.ची बाजू थोडी जड वाटते, आणि त्याचे कारण तुमच्या गुणांत नाही, विषयात आहे. पुण्यात परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणारी कार्यालये पुष्कळ आहेत आणि तेथे हिशेब समजणारा जर्मनभाषक सहजी मिळत नाही. एक साधे उदाहरण देते. जर्मनीहून आलेल्या बिलावर ‘१.२५०,५०’ असा आकडा असतो. आपल्याकडचा नवखा माणूस त्याला सव्वा युरो समजतो किंवा गोंधळून थांबतो. प्रत्यक्षात ते एक हजार दोनशे पन्नास युरो आणि पन्नास सेंट असतात, कारण तेथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. त्याखालच्या ओळीत ‘मेअरवेर्टश्टॉयर’ म्हणजे मूल्यवर्धित कर, बहुतेक वेळा १९ टक्के आणि काही वस्तूंवर ७ टक्के. ही ओळ वाचून, चूक सापडल्यास समोरच्या कारकुनाला सभ्य भाषेत दोन परिच्छेदांचे पत्र लिहिणे, हे बी२चे काम आहे. ते करायला जर्मन साहित्य वाचलेले असण्याची गरज नाही. जमाखर्च मात्र कळला पाहिजे.

आता इंग्रजीचा प्रश्न, ज्याविषयी मला सर्वाधिक लिहायचे आहे, कारण मराठी माध्यमाची मुले माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि त्याला खरोखर काही कारण नसते. जर्मन शिकण्यासाठी इंग्रजी उत्तम असावे लागते, हा समज पाठ्यपुस्तके आणि शब्दकोश इंग्रजीतून वापरल्यामुळे झालेला आहे. शब्दसंग्रहात इंग्रजीचा उपयोग होतो, हे मान्य. पण जर्मनमध्ये विद्यार्थी अडतो तो शब्दांपाशी नाही, व्याकरणापाशी, आणि तेथे तुमच्याजवळ इंग्रजीपेक्षा जवळचा नातेवाईक आहे.

लिंगापासून सुरुवात करू. जर्मनमध्ये प्रत्येक नामाआधी लिंगानुसार देअर (पुल्लिंगी), दी (स्त्रीलिंगी) किंवा दास (नपुंसकलिंगी) लागते, आणि निर्जीव वस्तूला लिंग कसे असेल, हे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला समजावताना माझा एक तास जातो. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल असे म्हणत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही. लिंगे जुळतात असे मात्र समजू नका : खुर्ची आणि टेबल दोन्ही जर्मनमध्ये पुल्लिंगी आहेत आणि सूर्य चक्क स्त्रीलिंगी आहे. जुळते ती सवय, आणि कधी कधी तर्कसुद्धा. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, यावर दरवर्षी वर्गात हशा होतो. मग मी फळ्यावर वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, लेकरू असे लिहिते आणि यांचे लिंग विचारते. लहानपणा दाखवणाऱ्या प्रत्ययाने शब्द नपुंसकलिंगी होतो, हा नियम जर्मन ‘-शेन’ला जितका लागू आहे तितकाच या ‘-रू’ला लागू आहे, हे कळल्यावर हशा थांबतो.

विभक्तीचेही तसेच. आठवीच्या मराठी व्याकरणातील प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी या चार विभक्ती आठवत असतील, तर जर्मनमधल्या चारही विभक्तींची नावे तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. आपल्याकडे ‘घोडा’चे सामान्यरूप होऊन ‘घोड्याला’ होते. तेथे नामाआधीचा ‘देअर’ बदलून ‘देम’ होतो. ‘मला पुस्तक आवडते’ या वाक्यात मराठीत आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा असतो. जर्मनमध्ये ‘मिअर गेफेल्ट दास बुख’ असे तंतोतंत तेच होते. थंडी वाजली की आपण ‘मी थंड आहे’ म्हणत नाही, ‘मला थंडी वाजते’ म्हणतो. जर्मन माणूसही ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी येथे हमखास ‘इश बिन काल्ट’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला ‘मी भावनाशून्य माणूस आहे’ असा काहीसा लागतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही मराठी कानाला परके वाटत नाही.

आकड्यांत तर तुम्ही पुढेच आहात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो. जर्मनही ‘पाच-आणि-वीस’ असेच म्हणते. श्रुतलेखनात दूरध्वनी क्रमांक सांगितला की इंग्रजीतून आकडे शिकलेली मुले ५२ आणि २५ यांची हमखास अदलाबदल करतात. मराठीतून पाढे म्हटलेली मुले फार क्वचित. (एकोणतीसला मात्र आपण एकटेच पडतो, तेथे जर्मन सरळ ‘नऊ-आणि-वीस’ म्हणते.) उच्चारांतही जर्मन झेड हा चमच्यातल्या ‘च’सारखा आहे, चहातल्या ‘च’सारखा नाही. ही सूचना मी मराठी मुलांना एका वाक्यात देते. इतरांना त्यासाठी आठवडा लागतो. अवघड जाणारे दोन स्वर आहेत, आणि ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच अवघड जातात. त्यांतील एकासाठी ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणायचे असते. आरशासमोर उभे राहा, पंधरा दिवसांत जमेल.

तरीही इंग्रजी सोडून चालेल, असा याचा अर्थ काढू नका. नोकरीच्या मुलाखतीचा पहिला अर्धा भाग इंग्रजीत होतो आणि कार्यालयातील सहकारी केरळचे किंवा बंगालचे असतात. इंग्रजी तुम्हाला नोकरीसाठी लागेल. जर्मन समजण्यासाठी तिची वाट पाहत बसू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

पदवी आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर दाखवणारा एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका यंत्राच्या देखभाल पुस्तिकेचे काम माझ्याकडे आले असताना मी एका हुशार पदवीधर मुलीला मदतीला घेतले. पुस्तिकेत ‘मुटर्न आनत्सीएन’ अशी सूचना होती. ‘मुटर’ म्हणजे आई आणि ‘आनत्सीएन’ म्हणजे कपडे घालणे, हे पहिल्या सत्रात शिकवले जाते. आईचा येथे संबंध नाही, हे तिला कळत होते, म्हणून ती दोन तास अडून बसली आणि शेवटी तिने ‘मुख्य भागावर आवरण चढवा’ असे काहीतरी लिहून दिले. वस्तुतः ‘मुटर’ म्हणजे बोल्टवर बसणारा नटसुद्धा, आणि ‘आनत्सीएन’ म्हणजे आवळणे. तीन शब्दांचे भाषांतर होते : नट घट्ट आवळा. तिची जर्मन कच्ची नव्हती; तिने आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नव्हता. मीही माझ्या पहिल्या वर्षी हीच चूक केली असती, फक्त माझ्या शेजारी एक जुने फिटर बसत असत. त्यांच्याकडून मी जितके तांत्रिक मराठी शिकले तितके कोणत्याही कोशातून शिकले नाही.

यंत्रभाषांतर आल्यावर भाषा शिकण्यात अर्थ उरला का, असेही पालक विचारतात. सोपे, साचेबद्ध भाषांतर माणसाच्या हातून गेले आहे, हे मी माझ्याच कामावरून सांगते. आता मला कोरी पाने कमी आणि यंत्राने केलेली पाने तपासायला जास्त येतात. ती तपासणारा यंत्रापेक्षा वरचढ असावा लागतो, म्हणून बी१ची किंमत घसरली आहे आणि सी१ची टिकून आहे.

जपानीविषयी थोडक्यात. वाक्यरचना मराठीला जर्मनहूनही जवळची आहे : क्रियापद शेवटी, आणि आपल्या ‘ला’, ‘चा’, ‘त’सारखे प्रत्यय नामानंतर. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलणे हेही आपल्याला नवे नाही. खरी चढण लिपीची आहे. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या चित्राक्षरांची यादीच २१३६ अक्षरांची आहे. परीक्षा सर्वांत सोप्या एन५पासून सर्वांत अवघड एन१पर्यंत असते आणि तीत संभाषणाचा भाग नसतो, त्यामुळे एन२ उत्तीर्ण होऊनही बोलताना अडखळणारे पुष्कळ असतात. कमी पायऱ्यांत कामाला लागायचे असेल तर जर्मन, आणि चार-पाच वर्षे रोज लिहिण्याची चिकाटी असेल तर जपानी, असे माझे सहकारी सांगतात. आवड नसताना केवळ पगाराच्या ऐकीव आकड्यांवरून जपानीकडे गेलेली मुले चित्राक्षरांच्या दुसऱ्या शंभरात गळतात.

आतापर्यंतचे एकत्र केले तर असे दिसते : शिक्षक किंवा भाषांतरकार व्हायचे असेल तर बी.ए. आणि जोडीने सी१. हिशेबाच्या कामाला जोड हवी असेल तर बी.कॉम. आणि तीन वर्षांत बी२. दोन्हींत काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मी येथून ठरवू शकत नाही. पुण्यात राहण्याचा खर्च झेपणार आहे का? बी.कॉम.चे सकाळचे महाविद्यालय मिळाले तर संध्याकाळ मोकळी मिळेल, पण सी.ए.चा विचार असेल तर ती मिळणार नाही आणि मग भाषा पुढे ढकलणे बरे. परदेशी जायचे आहे का? जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसते, पण जर्मनमधून पदवीचा अभ्यास करायचा तर सी१च्या आसपासची भाषा आधी लागते. आणि भाषा शिकण्यासाठी त्या देशात जावेच लागते असेही नाही. ज्यांचे नाव आपण मॅक्सम्युलर भवनाला दिले ते मॅक्सम्युलर ऋग्वेदाचे संपादन करून मोठे झाले आणि भारतात कधीही आले नाहीत.

महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा : पहिल्या वर्षी आठवड्यात प्रत्यक्ष भाषेचे किती तास होतात, तोंडी परीक्षा प्रत्येक सत्रात होते का, आणि गेल्या वर्षीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातील किती जणांनी बी२ दिली. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर टाळले गेले तर तेही उत्तर समजा. जमल्यास वर्गाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘काल दिवसभर काय केलेस’ हे जर्मनमध्ये सांगायला लावा. तुम्हाला काही कळणार नाही, पण तो किती वेळ थांबतो ते दिसेल.

आणि प्रवेशाची मुदत अजून असेल तर त्याआधी एक वही करा. रोज दहा नामे, प्रत्येक नाम त्याच्या देअर, दी, दाससह आणि अनेकवचनासह, तीन रंगांच्या शाईत. जोडीला दॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या रोज पाच मिनिटे, काही समजले नाही तरी. चाळीस दिवसांनी वहीत चारशे नामे असतील. ती असतील तर वडिलांना वही दाखवा आणि मग बी.ए. की बी.कॉम. यावर दोघे मिळून बोला. ती शंभरावर थांबली असतील तर बी.कॉम.ला प्रवेश घ्या आणि भाषेचे पुढच्या वर्षी पाहा. त्यात काही बिघडत नाही.